धूर दिसतोय, पण आग आहे का?

अणुरेणू

मंडळी,

'परग्रहावर जीवसृष्टीच्या खुणा सापडल्या' अशी बातमी आली की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा निरोप येतोच, 'काय हो, खरं का हे?' कधीकाळी रसायनशास्त्र शिकलो, त्याची ही शिक्षा. १९९६ साली मंगळावरून आलेली उल्का, २०२० मध्ये शुक्रावरचा फॉस्फीन वायू, एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी नावाचा ग्रह, त्याच वर्षी सप्टेंबरात मंगळावरच्या पर्सिव्हिअरन्स गाडीचा ठिपकेदार दगड. दरवेळी मी 'जरा थांबा' म्हणतो आणि अरसिक ठरतो. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. पुढच्या खेपेला नुसता या धाग्याचा दुवा डकवीन.

माझं म्हणणं एवढंच आहे. पृथ्वीवर जीव कसा सुरू झाला आणि बाहेर कुठे जीव आहे का, हे प्रश्न आपण वेगवेगळे समजतो, पण ते एकमेकांत अडकलेले आहेत. निर्जीव रसायनं स्वतःच्या बळावर कुठवर मजल मारतात हे ठाऊक नसेल, तर 'हे काम सजीवाचंच' असं म्हणणार कशाच्या जोरावर? गेल्या दोनशे वर्षांत 'फक्त सजीवच हे करू शकतात' अशी जी यादी आपण मनात धरून होतो, तिच्यातल्या एकेका ओळीवर काट बसत गेली आहे.

पहिली काट १८२८ ची. फ्रीडरिश व्होलर अमोनियम सायनेट बनवायला गेला आणि हाती युरिया आला. मूत्रपिंडाशिवाय युरिया! सेंद्रिय पदार्थ बनायला 'प्राणशक्ती' लागते ही समजूत त्या एका दिवसात मेली नाही (पाठ्यपुस्तकं तसं सांगतात, ते सोडून द्या), पण तिला तडा गेला.

मग मिलर. १९५२ साली शिकागो विद्यापीठात हॅरल्ड युरी यांच्या हाताखाली काम करणाऱ्या स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने काचेच्या बंद उपकरणात मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन भरले, खाली पाणी उकळत ठेवलं आणि विजेच्या ठिणग्या पाडत राहिला. काही दिवसांत पाणी लालसर झालं आणि त्यात ग्लायसिन, अ‍ॅलनिन अशी अमिनो आम्लं मिळाली. १९५३ साली निबंध छापून आला, त्यावर युरींनी स्वतःचं नाव घातलं नाही. श्रेय पोराला मिळावं म्हणून. (आजकाल असे मार्गदर्शक मिळाले तर कळवा.) आद्य पृथ्वीचं वातावरण मिलरने धरलं होतं तसं नव्हतं, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त असावेत, असं पुढे बहुतेकांचं मत झालं. तो आक्षेप रास्तच आहे. पण मिलर २००७ मध्ये वारल्यानंतर त्यांच्या खोक्यांत पन्नासच्या दशकातल्या कुप्या सापडल्या. ज्वालामुखीच्या वाफेची नक्कल केलेल्या एका प्रयोगाच्या कुप्या नव्या उपकरणांनी तपासल्यावर त्यांत २२ अमिनो आम्लं निघाली.

२८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे उल्का पडली. तिच्यात सत्तरहून अधिक अमिनो आम्लं आढळली, त्यातली बरीच पृथ्वीवरच्या सजीवांत नसतातच. आणि अलीकडचा कळस म्हणजे बेनू. ओसायरिस-रेक्स यानाने २४ सप्टेंबर २०२३ ला या लघुग्रहाची १२१.६ ग्रॅम माती आणून पोहोचवली. तीत आपल्या प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आणि डीएनए-आरएनएची पाचही नत्रभस्मं (म्हणजे त्यांच्या साखळीतली 'अक्षरं') निघाली, शिवाय खारं पाणी आटून उरतात तसे क्षार. तिथे कुणी राहत नव्हतं. दगड, पाणी आणि वेळ, बस.

तेव्हा 'अमुक ठिकाणी जीवनावश्यक रेणू सापडले' या बातमीला माझ्या लेखी आता फारशी किंमत नाही. विटांचा ढीग दिसला म्हणून गवंडी आला असं होत नाही.

वर मोजलेल्या चार बातम्यांपैकी उल्केचं तेवढं सांगतो, बाकीचं जाणकारांनी भर घालावी. एएलएच८४००१ हा १.९३ किलोचा दगड १९८४ मध्ये अंटार्क्टिकातल्या अ‍ॅलन हिल्स भागात सापडला. तो मंगळावरचा, यात वाद नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये नासाच्या डेव्हिड मॅके आणि सहकाऱ्यांनी त्यात जीवाश्म असू शकतात असं जाहीर केलं. पुरावे चार: कार्बोनेटचे गोळे, काही सेंद्रिय रेणू, मॅग्नेटाइटचे विशिष्ट घडणीचे स्फटिक आणि सूक्ष्मदर्शकात दिसणारे अळीसारखे आकार. बिल क्लिंटन यांनी हिरवळीवर उभं राहून निवेदन केलं. पुढच्या वर्षांत चारही पुराव्यांना जीवाविना होणारी स्पष्टीकरणं मिळाली. आघाताच्या उष्णतेने कार्बोनेट विघटित होऊन तसे स्फटिक बनू शकतात. आणि त्यातल्या कित्येक 'अळ्या' इतक्या बारीक, की पेशीत प्रथिनं बनवणारा रायबोसोमच २०-२५ नॅनोमीटरचा असताना त्या अंगात असे रायबोसोम आणि बाकीचा संसार मावणार कसा, हा प्रश्नच होता.

तरीही या दगडाने उपकार केले. त्याच्यावरून भांडता भांडता जीवाविना काय काय होऊ शकतं, याचं आपलं ज्ञान कितीतरी वाढलं.

मृगजळ

लेख आवडला, पण सूर पटला नाही. तुमच्या हिशेबाने उद्या मंगळावर बेडूक उडी मारताना दिसला तरी तुम्ही म्हणणार, 'थांबा, निर्जीव रसायनं उडी मारू शकतात का ते आधी बघू.' काट मारायचीच ठरवलं की कुठलीही ओळ शिल्लक राहत नाही. मग शोधायचं तरी कशाला?

निंबोणी

वाचनखूण साठवली. +१.

शंकासुर

अणुरेणू, शीर्षकात धूर आणि आग आणलीत आणि लेखात सोडून दिलीत. मी पुढे नेतो, कारण हा आपल्याकडचा जुना धंदा आहे. न्यायदर्शनात अनुमान शिकवताना पहिलं उदाहरण हेच देतात, 'पर्वतो वह्निमान्, धूमात्.' डोंगरावर धूर आहे, म्हणजे आग आहे. पण हे अनुमान उभं राहतं ते व्याप्तीवर: जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग. ही व्याप्ती एका ठिकाणी जरी मोडली, तरी हेतू (म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान काढलं ती) 'सव्यभिचार' ठरतो, म्हणजे आग नसतानाही धूर सापडतो.

तुम्ही 'काट' म्हणता ती हीच. अमिनो आम्लं हा हेतू मर्चिसनमध्ये व्यभिचारी ठरला.

पण दुसरा एक दोष आहे, तो याच्याशी गल्लत करून चालणार नाही. 'असिद्ध' हेतू. म्हणजे डोंगरावर दिसतंय तो मुळात धूर आहे, की धुकं? शुक्राच्या बातमीत माझ्या मते खरी गोम इथे होती. फॉस्फीन म्हणजे जीव का, हा नंतरचा प्रश्न. फॉस्फीन आहे का, हाच आधीचा.

अणुरेणू

शंकासुर, काय सुरेख मांडलंत! हे मला सुचायला हवं होतं. शुक्राबाबत अगदी बरोबर. सप्टेंबर २०२० मध्ये जेन ग्रीव्ह्ज यांच्या गटाने सुमारे २० अब्जांश फॉस्फीन असल्याचं सांगितलं. नंतर दुर्बिणीच्या मोजणीची सुधारणा केल्यावर त्यांचा स्वतःचा आकडाही बराच खाली आला, आणि इतर गटांनी तीच विदा (डेटा) तपासून 'आम्हाला तर दिसत नाही' म्हटलं. वाद अजून मिटलेला नाही.

मृगजळ, बेडूक दिसला तर मी पहिला नाचेन. पण तुमचा प्रश्न खरा आहे, म्हणून एक किस्सा. गॅलिलिओ यान गुरूकडे निघालं होतं, वाटेत वेग घ्यायला ते डिसेंबर १९९० मध्ये पृथ्वीजवळून गेलं. कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी ठरवलं की आपल्याला पृथ्वीबद्दल काही ठाऊकच नाही असं धरून या यानाच्या उपकरणांना विचारायचं, खाली जीव आहे का? १९९३ मध्ये निबंध आला. भरपूर ऑक्सिजन, त्याच हवेत मिथेन, जमिनीवर लाल रंग विचित्रपणे शोषणारं काहीतरी आणि कृत्रिम वाटणाऱ्या रेडिओलहरी. उत्तर: आहे.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी सुट्या घेतल्या तर फुसक्या आहेत. एकत्र घेतल्या तर नाहीत, कारण ऑक्सिजन आणि मिथेन एका हवेत फार काळ नांदत नाहीत. मिथेन जळून संपायला हवं. तरी संपत नाही, अर्थात कुणीतरी सतत भर घालतंय. असा असमतोल हुडकावा ही कल्पना जेम्स लव्हलॉक यांनी १९६५ मध्येच मांडली होती. म्हणजे शोध शक्य आहे. फक्त एका धुरावर भागत नाही.

खगोलवेडा

के२-१८बी बद्दल मी लिहितो, कारण त्यावरून मीही भरपूर वाद घातले आहेत. १२४ प्रकाशवर्षं दूर, लाल खुजा तारा, ३३ दिवसांची प्रदक्षिणा. वस्तुमान पृथ्वीच्या साडेआठ पटींहून थोडं जास्त, त्रिज्या अडीच पटींहून थोडी जास्त. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीतून २०२३ मध्ये याच्या हवेत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दाखवले. ते काम चांगलंच आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी डायमिथिल सल्फाइड किंवा त्याचं भावंड डायमिथिल डायसल्फाइड असल्याचा दावा केला. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी सूक्ष्मजीवांमुळे हवेत येतो, म्हणून एवढा गाजावाजा.

शंकासुरांच्या भाषेत इथे दोन्ही दोष आहेत.

असिद्ध: दाव्याची खात्री तीन सिग्मा. म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता हजारात तीन. ऐकायला भारी वाटतं, पण पाच सिग्माशिवाय शोध म्हणायची पद्धत नाही. इतर गटांनी तीच विदा वेगळ्या प्रारूपांतून तपासली, तर तो ठसा उरेना.

सव्यभिचार: ६७पी या धूमकेतूवर रोझेटा यानाने केलेल्या मोजण्यांत हाच डायमिथिल सल्फाइड असल्याचं २०२४ मध्ये दाखवलं गेलं. धूमकेतूवर कुठले आलेत सागरी सूक्ष्मजीव!

शिवाय तो ग्रह म्हणजे हायड्रोजनच्या हवेखाली महासागर आहे, की नेपच्यूनचं लहान भावंड, यावरच एकमत नाही. महासागराचाच पत्ता नाही आणि आपण त्यातले जीव मोजतोय.

गप्पिष्ट

मोबाईलवरून टंकतोय, चूभूद्याघ्या. सगळं ठीक, पण मूळ मुद्दा राहिला की. विटा झाल्या. गवंडी कुठून आला? म्हणजे पहिला जीव झाला कसा? शाळेत 'आदिम सूप' शिकलो होतो, पुढे काय झालं त्याचं?

निंबोणी

सुपाची कल्पना (आद्य समुद्रात रेणू साठत गेले आणि त्यातून जीव आला) मांडणाऱ्यांबद्दल अवांतर. ओपारिन यांनी १९२४ मध्ये रशियनमध्ये लिहिलं आणि हाल्डेन यांनी १९२९ मध्ये इंग्रजीत, दोघांनी स्वतंत्रपणे. त्याच्याही आधी, १८७१ मध्ये डार्विनने आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकरला लिहिलेल्या पत्रात कोमट पाण्याच्या छोट्या डबक्याची कल्पना येते. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आपल्याकडच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत त्यांचं नाव फक्त कंसात येतं याचं मला नेहमी वाईट वाटतं. अवांतर समाप्त.

अणुरेणू

निंबोणी, असं अवांतर रोज येऊ द्या.

गप्पिष्ट, या प्रतिसादाला वेळ लागला, कारण हा सगळ्यात रंजक भाग आहे आणि हा मलाच नीट लिहायचा होता.

अडचण कोंबडी-अंड्याची आहे. डीएनएत प्रथिनांची कृती साठवलेली असते, पण डीएनएची नक्कल करायला प्रथिनं लागतात. आधी कोण? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवलं की आरएनए माहिती तर साठवतोच, पण काही ठिकाणी स्वतः उत्प्रेरकाचं कामही करतो. १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याचंच. १९८६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट यांनी 'आरएनए विश्व' हा शब्द रूढ केला: आधी आरएनएचंच राज्य, डीएनए आणि प्रथिनं मागाहून आली. याला सगळ्यात मोठा आधार मिळाला तो रायबोसोमची रचना उलगडल्यावर. अमिनो आम्लं एकमेकांना जोडण्याचं काम जिथे होतं, त्या गाभ्यात प्रथिन नाहीच. तिथे आरएनए आहे. (वेंकी रामकृष्णन, स्टाइट्झ आणि योनाथ, नोबेल २००९.) तुमच्या-माझ्या पेशीत आत्ता, हे वाचताना, तो पुरातन आरएनए कामाला जुंपलेला आहे.

नुसत्या आरएनएत निवड कशी चालते याचा एक फर्मास प्रयोग १९६० च्या दशकात सॉल स्पीगलमन यांनी केला. एका विषाणूचा सुमारे ४५०० अक्षरांचा आरएनए, त्याची नक्कल करणारं विकर आणि कच्चा माल परीक्षानळीत टाकला. थोड्या वेळाने त्यातला थेंब पुढच्या नळीत, मग त्याच्या पुढच्या. जो आरएनए भरभर नकला काढेल तो टिकेल. पिढ्यांमागून पिढ्या तो आरएनए अंगावरचं ओझं टाकत गेला आणि शेवटी २१८ अक्षरांचा उरला. संसर्ग करायची ताकद गेली, फक्त नकला काढण्याचं कसब उरलं. यात विकर बाहेरून दिलेलं होतं हे विसरू नका. विकराशिवाय, आपली आपण नक्कल करणारा आरएनए कच्च्या मालापासून सुरुवात करून कुणी अजून प्रयोगशाळेत उभा केलेला नाही. या क्षेत्रातली खरी दरी तिथे आहे.

बरं, आरएनएच्या विटा तरी सहज होतात का? फार काळ उत्तर 'नाही' होतं. रायबोज शर्करा आणि नत्रभस्म वेगवेगळे बनवून जोडायला गेलं की ते जोडलेच जात नाहीत. २००९ मध्ये जॉन सदरलँड यांच्या गटाने युक्ती काढली: दोन्ही वेगळे बनवूच नका. साध्या रेणूंपासून मधली अशी एक पायरी गाठा जिच्यात अर्धी शर्करा आणि अर्धं भस्म आधीच एकत्र आहे. चारपैकी दोन अक्षरं त्या वाटेने मिळाली. रसायनात बहुतेकदा असंच होतं, समोरचं दार बंद असतं आणि परसदार सताड उघडं.

मग प्रश्न जागेचा. इथे दोन तट आहेत आणि ते एकमेकांना फारसं चांगलं बोलत नाहीत.

एक तट समुद्रतळाचा. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्राच्या तळाशी गरम झरे सापडले, भोवती अंधारात जीवांची दाटी. पण जीवाच्या उगमासाठी मायकेल रसेल, निक लेन या मंडळींना हवे आहेत वेगळे झरे, २००० मध्ये अटलांटिकमध्ये सापडलेल्या 'लॉस्ट सिटी'सारखे. ४० ते ९० अंश तापमान, पाणी चांगलंच अल्कधर्मी, आणि सच्छिद्र पांढरे मनोरे, त्यातला एक तर ६० मीटर उंच. आतलं पाणी अल्कधर्मी, बाहेरचा आद्य समुद्र किंचित आम्लधर्मी, मध्ये पातळ खनिज भिंत. म्हणजे प्रोटॉनचा आयता उतार. आणि आजची जवळजवळ प्रत्येक पेशी ऊर्जा मिळवते ती पटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनचा असाच फरक राखून. पीटर मिचेल यांनी ते १९६१ मध्ये सांगितलं तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही, १९७८ मध्ये नोबेल दिलं. हे साम्य योगायोगाचं आहे, असं मला तरी वाटत नाही.

दुसरा तट जमिनीवरच्या डबक्यांचा. त्यांचा आक्षेप सोपा: आरएनए किंवा प्रथिनाची साखळी जोडताना दर जोडाला पाण्याचा एक रेणू बाहेर टाकावा लागतो. समुद्रात बुडून तुम्ही पाणी कुठे टाकणार? उलट पाणीच साखळ्या तोडत राहतं. डबकं मात्र सुकतं, पुन्हा भरतं. सुकताना जोडणी, भरताना मिसळण. वर उन्हातलं अतिनील, जे सदरलँड यांच्या रसायनाला हवंच आहे. डेव्हिड डीमर यांनी तर मर्चिसन उल्केतून काढलेल्या स्निग्ध रेणूंपासूनच पाण्यात बुडबुड्यांसारख्या पिशव्या तयार होतात हे १९८५ मध्ये दाखवलं. पेशीचं आवरण आकाशातून फुकट.

फुकट, पण एक मेख आहे. आरएनएच्या कामाला मॅग्नेशियम लागतं, आणि मॅग्नेशियम घातलं की या साध्या स्निग्धाम्लांच्या पिशव्या मोडतात. दोघांना एका घरात नांदवायचं कसं? २०१३ मध्ये जॅक शोस्टाक आणि कातार्झिना अडामाला यांनी सायट्रेट घातलं. त्याने मॅग्नेशियमला असं धरून ठेवलं की पिशवीही शाबूत आणि आत आरएनएची साच्यावरून नक्कलही चालू. आद्य पृथ्वीवर एवढं सायट्रेट कुठून आलं असतं, हे मात्र विचारू नका. ते स्वतःही विचारत असतात.

माझा कल विचाराल तर ऊर्जेसाठी झरे आणि साखळ्यांसाठी डबकी. दोन्ही तट मला हाकलतील.

शंकासुर

उत्तम. पण माझं पहिलं पुराण अर्धं राहिलं. व्याप्ती एकाच दिशेने असते. धूर असेल तिथे आग असते, आग असेल तिथे धूर असेलच असं नाही. नैयायिक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण देतात. आग आहे, धूर नाही. म्हणजे जीव आहे पण खूण नाही, असंही होत असणार?

अणुरेणू

होत असणार काय, झालंय! पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे स्तरित दगड आहेत, सूक्ष्मजीवांच्या थरांनी घडलेले. त्यापेक्षा जुन्या दाव्यांवर वाद आहेत. ग्रीनलँडच्या ३७० कोटी वर्षांच्या दगडांवरून तर चांगलीच जुंपली. पण हवेत ऑक्सिजन लक्षणीय प्रमाणात यायला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीचा काळ उजाडला. म्हणजे शंभर कोटींहून अधिक वर्षं इथे जीव होता, आणि ऑक्सिजन शोधणाऱ्या लांबच्या निरीक्षकाने 'ओसाड' असा शेरा मारून दुर्बीण वळवली असती. तापलेला गोळाच.

दूरस्थ

जीवाणू अंतराळातून आले हा पर्याय कुणीच कसा घेतला नाही? जयंत नारळीकर आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी फुगे सोडून प्रयोग केले होते. इस्रोच्या २००५ च्या फुग्यातून तर नव्या जाती सापडल्या.

खगोलवेडा

सापडल्या, खरंय. हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. २००९ मध्ये तीन नव्या जाती जाहीर झाल्या: जॅनिबॅक्टर हॉयलेई, बॅसिलस आयस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट. पहिलं नाव खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यावरून. अतिनील किरणांना त्या दाद देत नाहीत. पण त्या बाहेरून आल्याचं यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हे इस्रोनेही तेव्हाच सांगितलं होतं. नारळीकरांचं मोठेपण मला यात वाटतं की कल्पना कितीही वेडी वाटली तरी तिची चाचणी कशी घ्यायची हे ते आधी बघत. फुगा सोडायचा, निर्जंतुक नळ्या पाठवायच्या, काय येतं ते पाहायचं.

अणुरेणू

सहमत. माझी अडचण एवढीच की त्या जीवाणूंची जनुकं पृथ्वीवरच्या त्यांच्या चुलत भावंडांशी नीट जुळतात. वाऱ्याने वर गेले हे सरळ उत्तर पुरतं. आणि उगम बाहेर ढकलला तरी 'तिथे कसा झाला' हे शिल्लकच राहतं.

मात्र ग्रहाग्रहांतला छोटा प्रवास मी उडवून लावणार नाही. तोच एएलएच८४००१ घ्या. त्याच्यातल्या चुंबकीय खुणांवरून २००० मध्ये दाखवलं गेलं की मंगळावरून उडून इथे पडेपर्यंत त्याचा गाभा ४० अंशांवर तापलाच नाही. आणि जपानच्या तानपोपो प्रयोगात डायनोकॉकस जीवाणूंचे अर्ध्या मिलिमीटरचे थर अंतराळस्थानकाच्या बाहेर तीन वर्षं टांगले, वरचे मेले, खालचे तगले. उद्या मंगळावर जीव सापडला आणि तो आपलाच नातेवाईक निघाला, तर 'जीव दोनदा सुरू झाला' असं म्हणता येणार नाही. तो घोळ निस्तरणं सोपं नसेल.

गप्पिष्ट

जीव म्हणजे काय हे आधी ठरवायला नको का?

अणुरेणू

नासाची कामचलाऊ व्याख्या: स्वतःला टिकवणारी आणि डार्विनच्या उत्क्रांतीला पात्र अशी रासायनिक व्यवस्था. यावर 'मग पिल्लं न होणारं एकटं खेचर जिवंत नाही का?' असा प्रश्न येतोच. आहे हो, जिवंत आहे. या वादात मी पडत नाही.

मृगजळ

बरं, अरसिक महाराज, त्या ठिपकेदार दगडाचं काय? आणि पैज लावायचीच झाली तर कुठे लावाल?

अणुरेणू

तो दगड मला आवडतो, खरंच. जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवरात येणाऱ्या जुन्या नदीपात्रात पर्सिव्हिअरन्सला 'चेयावा फॉल्स' हा दगड मिळाला. बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके, कडेला व्हिव्हियानाइट हे लोहाचं फॉस्फेट, आत ग्रेगाइट हे लोहाचं सल्फाइड, आणि चिखलात सेंद्रिय कार्बन. पृथ्वीवर सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ खाऊन लोह आणि सल्फेटवर श्वास भागवतात तेव्हा असंच काहीसं मागे उरतं. जीवाविना हे व्हायला सहसा उष्णता लागते, आणि हा दगड फारसा तापल्याचं दिसत नाही. तरीही लेखकांनी शब्द वापरला 'संभाव्य'. याला म्हणतात शिस्त. आता तो नमुना नळीत बंद आहे, आणि तो आणायची मोहीम अधांतरी.

शिस्त नसली की काय होतं याचाही दाखला आहे. डिसेंबर २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला जीवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून डीएनए बांधतो, असा निबंध गाजला. दोनच वर्षांत इतरांनी तो खोडला. तो छापणाऱ्या नियतकालिकाने जुलै २०२५ मध्ये तो मागे घेतला, लेखकांचा त्याला विरोध असूनही.

पैज: एन्सेलाडस. शनीचा जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा चंद्र. बर्फाखालच्या समुद्राचं पाणी तो स्वतःच फवाऱ्यांतून बाहेर फेकतो, खणायलाही नको. कसिनी यान त्या फवाऱ्यांतून गेलं. २०१७ मध्ये त्यात हायड्रोजन असल्याचं जाहीर झालं, म्हणजे तळाशी गरम पाणी आणि खडक यांची गाठ पडत असावी. २०२३ मध्ये फॉस्फेटही निघाले. लॉस्ट सिटीवाल्यांना याहून काय हवं? पण तिकडे निघालेलं एकही यान आज वाटेत नाही. गुरूचा चंद्र युरोपा पाहायला निघालेलं युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचेल, ते वेगळं.

शंकासुर

शेवटचा प्रश्न. अजून काट न बसलेला, किंवा निदान अर्धवट बसलेला, असा एखादा हेतू आहे का तुमच्या यादीत?

अणुरेणू

आहे. डावं-उजवं. अमिनो आम्लं आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांत असतात. आपली प्रथिनं जवळपास सगळी डाव्या रूपाची. निर्जीव रसायन सहसा दोन्ही सारखीच बनवतं. बेनूच्या मातीत ती जवळपास निम्मी-निम्मी निघाली. मात्र मर्चिसनमध्ये आयसोव्हालिन नावाच्या एका आम्लात डाव्या रूपाचं आधिक्य १८ टक्क्यांपर्यंत मोजलं गेलंय, म्हणून 'अर्धवट काट'. दुसरी खूण प्रमाणाची: निर्जीव रसायनात साधे रेणू जास्त आणि गुंतागुंतीचे कमी कमी होत जातात. सजीव मात्र मोजकेच निवडून तेच ढिगाने बनवतात. या दोन्ही एकाच नमुन्यात दिसल्या तर मी 'थांबा' म्हणणार नाही.

युरोपची रोझलिंड फ्रँकलिन गाडी २०२८ मध्ये मंगळाकडे निघायची आहे. ती दोन मीटर खोल खणू शकते, जिथे किरणोत्सर्गाने रेणू कमी नासलेले असतील, आणि तिच्यातलं उपकरण डावं-उजवं वेगळं ओळखतं.

शंकासुर

आणि तिथेही असाच १८ टक्क्यांचा घोळ निघाला तर?

अणुरेणू

तर पुन्हा भांडू. १०० टक्के निघाले तर त्या दिवशी निरोप मीच पाठवेन, तुम्हाला विचारावं लागणार नाही.

निंबोणी

धागा वर काढून ठेवते.